पावसाचा खंड

पावसाळा चालू असताना पिकाला पुरेल असा पाऊस सलग बरेच दिवस न पडणे. हवामान विभाग २४ तासांत किमान २.५ मिमी पाऊस झाला तरच तो दिवस पावसाचा धरतो. म्हणून आभाळ भरलेले आणि भुरभुर चालू असतानाही खंड असू शकतो.

कोरडवाहू शेतीला हंगामाच्या एकूण पावसाइतकीच त्याची वाटणी महत्त्वाची असते. २०२३ साली देशात मोसमी पाऊस सरासरीच्या ९४ टक्के झाला. आकडा फारसा भयंकर वाटत नाही. पण त्यातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, तूट सुमारे ३६ टक्के. मराठवाड्यात जूनअखेर-जुलैत पेरलेले सोयाबीन नेमके त्याच महिन्यात फुलावर येऊन शेंगा धरते. तेव्हा ताण बसला की फुले गळतात, शेंगा पोचट राहतात, आणि सप्टेंबरचा पाऊस ते नुकसान भरून काढू शकत नाही. हंगामाची टक्केवारी तेवढी सांगून पाऊसमान ‘बरे’ ठरवणे म्हणूनच शेतकऱ्यावर अन्याय करणारे आहे.

खंड किती सोसेल हे जमिनीवर ठरते. मुरमाड, हलक्या रानात आठ-दहा दिवसांतच पीक माना टाकते. भारी काळी जमीन ओल जास्त दिवस धरते. मात्र ती सुकली की भेगाळते, मुळे तुटतात आणि भेगांतून खालची ओलही उडून जाते. अशा वेळी कोळपे फिरवतात. वरचा थर भुसभुशीत होऊन भेगा बुजतात, तणही निघते.

पेरणीनंतर लगेच पडलेल्या खंडाने उगवण मोडते आणि दुबार पेरणी करावी लागते. बियाणे, खत, मजुरी पुन्हा, तीही बहुधा उसनवारीने. हे टाळण्यासाठी ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. पण जूनअखेरचे आर्द्रा नक्षत्र सरू लागले की थांबणे जड जाते, कारण उशिराच्या पेरणीतही उत्पन्न घटते.

सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक, रुंद वरंबा-सरी आणि शेततळ्यातून ऐन फुलोऱ्यात दिलेले एखादे संरक्षित पाणी यांनी धोका कमी होतो. नुकसान मोजताना मात्र अडचण येते: पाऊस नोंदवला जातो महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर, आणि ऑगस्टमधली सर कित्येकदा एका शिवारात पडून शेजारच्या शिवाराला कोरडे ठेवते.