ओझर विमान कारखाना

ओझर विमान कारखाना हा हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड (एचएएल) या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचा महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यातील लढाऊ विमानांचा कारखाना आहे. १९६४ पासून येथे मिग-२१, मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय ही विमाने बांधली गेली. २०२५ पासून येथे तेजस एमके-१ए या देशी बनावटीच्या विमानाची बांधणी होते. भारतीय हवाई दलाच्या लढाऊ ताफ्याचा मोठा भाग गेली सहा दशके येथून बाहेर पडला आहे.

स्थान व नाव

ओझर हे निफाड तालुक्यातील गाव मुंबई-आग्रा महामार्गावर, नाशिकपासून सुमारे २० किलोमीटरवर, द्राक्षबागांच्या पट्ट्यात वसलेले आहे. अष्टविनायकांपैकी विघ्नेश्वराचे ओझर जुन्नर तालुक्यात असून ते वेगळे होय. दोहोंची गल्लत टाळण्यासाठी या गावाचा उल्लेख ‘ओझर मिग’ असा होऊ लागला. विमानाच्या नावाने ओळखले जाणारे गाव महाराष्ट्रात दुसरे क्वचितच असेल. नाशिकचे नागरी विमानतळही कारखान्याच्याच धावपट्टीवर आहे.

स्थापना

१९६२ च्या चीन युद्धानंतर हवाई दलाच्या विस्ताराची निकड भासली. सोव्हिएत संघाकडून मिग-२१ ही विमाने घेण्याचे आणि परवान्याने ती भारतात बांधण्याचे ठरले. त्यासाठी ऑगस्ट १९६३ मध्ये एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये तिचे विलीनीकरण होऊन आजची एचएएल अस्तित्वात आली. मूळची बंगळूरची कंपनी १९४० मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी उभारली होती.

विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला अशी कामाची विभागणी करण्यात आली. त्या वेळी संरक्षणमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. कारखाना नाशिकला येण्याचे श्रेय जिल्ह्यात आजही त्यांना दिले जाते.

मिग पर्व

परवाना उत्पादनाची रीत ठरलेली होती. आधी सुट्या भागांचे संच आणून जुळणी करायची, मग भाग येथे घडवायचे आणि शेवटी कच्च्या मालापासून विमान उभे करायचे. या क्रमाने मिग-२१ चे एफएल, एम आणि बिस हे प्रकार तयार झाले. १९८७ पर्यंत त्यांची संख्या साडेसहाशेच्या घरात गेली. त्यानंतर मिग-२७ आले. पुढे १२५ मिग-२१ बिस विमानांचे ‘बायसन’ या सुधारित रूपात आधुनिकीकरणही येथेच झाले.

या विमानाची दुसरी बाजूही नोंदवावी लागते. सेवाकाळात शेकडो मिग-२१ अपघातांत नष्ट झाली आणि अनेक तरुण वैमानिकांनी प्राण गमावले. १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा असाच मृत्यू झाला. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी वैमानिकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न अनेक वर्षे लावून धरला. नवे विमान येण्यास दशकानुदशके विलंब झाल्यामुळे जुने विमान निवृत्त करता आले नाही, ही वस्तुस्थिती ‘उडती शवपेटी’ या विशेषणाआड झाकली जाते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ ला निरोप देण्यात आला. त्यानंतर हवाई दलाकडे ४२ मंजूर स्क्वाड्रनांपैकी २९ उरल्या.

सुखोई व ब्रह्मोस

डिसेंबर २००० मध्ये रशियाशी १४० सुखोई-३० एमकेआय भारतात बांधण्याचा करार झाला. पहिले विमान २००४ मध्ये हवाई दलाला मिळाले. पुढील मागण्या धरून ओझरला २२२ विमाने बांधली गेली.

ब्रह्मोस हे स्वनातीत क्षेपणास्त्र सुखोईवर बसवणे ही या कारखान्याची विशेष कामगिरी होय. क्षेपणास्त्राचे वजन सुमारे अडीच टन. ते विमानाच्या पोटाखाली वाहून नेण्यासाठी सांगाडा बळकट करावा लागला. २५ जून २०१६ रोजी क्षेपणास्त्रासह पहिले उड्डाण नाशिकहून झाले. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर ते प्रत्यक्ष डागण्यात आले.

मूळ मागणी पूर्ण झाल्यावर बांधणीचे काम जवळपास थांबले आणि कारखान्याची भिस्त देखभाल-दुरुस्तीवर राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंची मागणी नोंदवली गेली. तिची किंमत सुमारे १३,५०० कोटी रुपये आहे. हवाई दलाचा स्वतःचा दुरुस्ती तळ, क्रमांक ११, हाही ओझरलाच आहे.

तेजस

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत नाशिकमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस एमके-१ए ने उड्डाण केले. बंगळूरच्या दोन मार्गिकांनंतरची ही तिसरी मार्गिका असून तिची क्षमता वर्षाला ८ विमानांची आहे. त्याच दिवशी एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाची दुसरी मार्गिकाही सुरू झाली.

हवाई दलाने २०२१ मध्ये ८३ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ९७ तेजसची मागणी नोंदवली. मात्र पहिल्या विमानांची २०२४ मधील मुदत टळली. विमानाचे एफ-४०४ इंजिन अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिककडून येते आणि त्याचा पुरवठा रखडला. मागणीतील पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती आले. सांगाडे तयार, पण इंजिनांची प्रतीक्षा, अशी ही स्थिती होती. ओझरने पूर्वी परक्या आराखड्याचे विमान बांधले. आता आराखडा स्वदेशी आहे, इंजिन मात्र अद्याप आयातच होते.

अवकाशाशी संबंध

ओझरला उपग्रह बनत नाहीत. तरीही येथील विमानांची उपयुक्तता उत्तरोत्तर अवकाशातील साधनांवर अवलंबून राहणार आहे. डिसेंबर २०१८ मध्ये सोडलेला जीसॅट-७ए हा दळणवळण उपग्रह प्रामुख्याने हवाई दलासाठी आहे. विमाने, रडार केंद्रे आणि तळ यांना तो परस्परांशी जोडतो. २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’ चाचणीत भारताने सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरील स्वतःचाच उपग्रह क्षेपणास्त्राने नष्ट केला. त्याच वर्षी तिन्ही दलांची संरक्षण अवकाश संस्था बंगळूरला कार्यरत झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेहळणीच्या ५२ उपग्रहांच्या योजनेस केंद्राने मंजुरी दिली. एचएएललाही जून २०२५ मध्ये इस्रोच्या लघु उपग्रह प्रक्षेपक यानाचे तंत्रज्ञान मिळवण्याच्या स्पर्धेत यश आले.