विषाणू सौम्य होतो का? ऑस्ट्रेलियातील सशांची साथ

१/८ विषाणू काळाच्या ओघात सौम्य होत जातो, असे विधान प्रत्येक साथीत ऐकू येते. त्याला आधार म्हणून अनेकदा ऑस्ट्रेलियातील सशांच्या साथीचा दाखला दिला जातो. मात्र तो इतिहास नीट पाहिला, तर निष्कर्ष वेगळाच निघतो.

२/८ १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून ससे आणवून व्हिक्टोरिया वसाहतीतील आपल्या जमिनीवर सोडले. शतकभरात ऑस्ट्रेलियातील सशांची संख्या कोट्यवधींच्या घरात गेली. कुरणे उजाड झाली. कुंपणे, सापळे, विष हे सारे उपाय अपुरे पडले.

३/८ अखेर १९५० मध्ये शास्त्रज्ञांनी मरे नदीच्या खोऱ्यात मिक्सोमा विषाणू सोडला. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तिथल्या सशांना त्याने केवळ गाठ येई. युरोपीय वंशाच्या सशांचा मात्र तो काळच ठरला. डासांनी तो दूरवर नेला. आरंभी लागण झालेल्या शंभर सशांपैकी ९९हून अधिक मरत.

४/८ त्याच सुमारास त्या खोऱ्यात माणसांमध्ये मेंदूज्वराची साथ उद्भवली आणि लोकांचा संशय मिक्सोमावर गेला. तेव्हा मॅकफार्लन बर्नेट, फ्रँक फेनर आणि इयन क्लूनीज रॉस या तिघांनी तो विषाणू स्वतःला टोचून घेतला. तिघांनाही काही झाले नाही.

५/८ पुढे फेनर यांनी रानातून मिळालेल्या विषाणूंची मारकतेनुसार पाच श्रेणींत विभागणी केली. काही वर्षांतच सर्वांत जहाल प्रकार मागे पडला आणि मधल्या, तिसऱ्या श्रेणीने बाजी मारली. पण ही श्रेणीही शंभरातील ७० ते ९५ ससे मारणारी होती. तिला सौम्य कसे म्हणावे?

६/८ याचे कारण डासांत होते. सशाच्या त्वचेवरील गाठींतून विषाणू डासाच्या सोंडेला लागे. जहाल प्रकाराने ससा दोन आठवड्यांच्या आत मरे, म्हणून प्रसाराला अवधी कमी मिळे. अतिसौम्य प्रकारात ससा लवकर बरा होई. मधल्या प्रकाराचा ससा अधिक दिवस जगे आणि तोवर डासांना विषाणू पुरवत राही.

७/८ ससेही बदलत होते. ज्या प्रकाराने पूर्वी शंभरातील ९० ससे मरत, त्यानेच काही वर्षांनी एका भागात सुमारे २५ मरू लागले. त्यांची प्रतिकारशक्ती वाढली, तसे पुढील दशकांत विषाणूचे काही प्रकार पुन्हा जहाल झाले.

८/८ करोनाच्या साथीतही २०२१ मध्ये अल्फाला मागे टाकणारा डेल्टा अधिक गंभीर आजार घडवणारा होता; त्यानंतर आलेला ओमिक्रॉन तुलनेने कमी. दोघांच्या विजयाचे कारण एकच: त्या त्या वेळच्या समाजात ते अधिक वेगाने पसरले. म्हणून ‘विषाणू आपोआप सौम्य होईल’ या भरवशावर लस वा खबरदारी टाळण्यास इतिहासात आधार सापडत नाही.