माळावरची सोयरीक

१८३१ साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या इतिवृत्तात दख्खनच्या सस्तन प्राण्यांची एक यादी छापून आली. ती करणारा विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी मुंबई इलाख्याची आकडेवारी गोळा करायला नेमलेला होता. शेती, महसूल, पाऊस मोजता मोजता त्यानं पक्षी आणि जनावरंही टिपली. आपल्या माळावरच्या लांडग्याला ‘कॅनिस पॅलिपेस’ हे शास्त्रीय नाव मिळालं ते याच यादीत.

पुढच्या चार-पाच वर्षांत इंदापूर तालुकाही इतिहासात शिरला. प्रिंगल या अधिकाऱ्यानं ठरवलेल्या जबर साऱ्यानं इथले शेतकरी मेटाकुटीला आले होते, जमिनी पडीक राहत होत्या. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्यानं मोजणी करून सारा उतरवला आणि १८३६च्या सुमाराची ही इंदापूरची पद्धत पुढं मुंबई इलाखाभर गेली. सारा हलका झाला तसं पडीक रान नांगराखाली आलं. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, यात वाद नाही. त्या रानात आधीपासून राहणाऱ्यांचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

त्यांत धनगरही होते. दिवाळीनंतर कोकणाकडं उतरायचं, पावसाच्या तोंडाशी माळावर परतायचं, रात्री मेंढरं वाघरीच्या जाळ्यात कोंडायची आणि राखणीला कुत्री ठेवायची. जेजुरीचा खंडोबाच कुत्रं घेऊन हिंडतो, तिथं त्याच्या भक्ताचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, कुत्र्यावाचून कसा असेल? वंशावळीचे कागद कोणाकडं नव्हते. कुत्री राखणीला खरी उतरली की तिच्या पिल्लाला मागणी, पैदाशीची शिस्त म्हणायची ती एवढीच. लांडगा आणि कुत्रा यांच्यात वैर होतं आणि ते वैरच दोघांची रक्तं वेगळी राखत होतं.

मग लांडगे कमी होत गेले. इंग्रज सरकार हिंस्र जनावरं मारणाऱ्याला बक्षीस देई. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबानं १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात दोन लाखांहून जास्त लांडगे मारले गेले. इकडे १८८५मध्ये नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि पुढं बारामतीचे बागायती आणि जिरायती असे दोन तुकडे पडले. खाली ऊस आणि साखर कारखाने, वर शिर्सुफळ, गाडीखेल, पारवडीकडं कोरडा माळ. इंदापुरात कडबनवाडीकडं तसाच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं लांडग्याला संरक्षण दिलं, १९९७मध्ये सुप्याला चिंकारांसाठी मयूरेश्वर अभयारण्य झालं. पण त्याचं क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. लांडगा एका रात्रीत त्याच्या पलीकडं जातो.

कुत्र्यांचं उलट झालं. गावोगावचा उकिरडा वाढला, कोंबड्यांच्या शेडमागं मेलेली पाखरं पडू लागली आणि मोकाट कुत्र्यांचं फावलं. त्याच मेलेल्या पाखरांवर लांडगेही येतात. जोडीदार मिळेना, कुत्री मात्र ढिगानं, अशा स्थितीत जुनं वैर ढिलं पडतं. दोघांची संतती वांझ नसते, त्यामुळं मिसळलेलं रक्त पुढं चालूच राहतं.

पुणे परिसरातल्या माळांवर निसर्गप्रेमींना पिवळसर, विचित्र रंगाचे लांडगे दिसू लागले. डोळ्यांनी निवाडा होणार नव्हता. अभिनव त्यागी, मिहिर गोडबोले, अबी तमीम वनक आणि उमा रामकृष्णन यांनी जनुकीय तपासणी केली. २०२३मध्ये त्यांचा शोधनिबंध आला: लांडगा-कुत्रा संकराचा भारतातला हा पहिला जनुकीय पुरावा. दोनच वर्षांपूर्वी, २०२१मध्ये, दुसऱ्या एका अभ्यासानं भारतीय लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकी एक असल्याचं दाखवलं होतं. म्हणजे रक्त किती जुनं आहे हे कळतं न कळतं, तोच त्यात भेसळ सापडली.

रक्ताइतकीच काळजी रोगांची आहे. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर कुत्र्यांची तपासणी झाली, तेव्हा दहातल्या सुमारे नऊ कुत्र्यांच्या रक्तात पार्व्हो विषाणूची, तर सुमारे सातांच्या रक्तात डिस्टेंपर विषाणूची प्रतिपिंडं मिळाली. तिथल्या खोकडांतही दोन्हींच्या खुणा होत्या.

शहरात लॅब्रॅडॉर पाळणारा आता डोळ्यांच्या आनुवंशिक विकाराची डीएनए चाचणी करून मग जोडी लावू शकतो. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी केंद्रानं २०१७मध्ये नियमही केले. त्यांत पैदास करणाऱ्याची नोंदणी आहे, कुत्रीच्या आरोग्याच्या अटी आहेत. हे सारं कुत्री विकणाऱ्यांसाठी. शिर्सुफळच्या वाड्यावरची कुत्री कोणी विकत नाही, म्हणून त्यांच्याकडं कोणाचं लक्षही नाही. खरं तर जबाबदार पैदाशीची सर्वांत जास्त निकड तिथंच आहे.

२०२४मध्ये वन विभागानं शिर्सुफळ आणि कडबनवाडीला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. पर्यटक आता लांडगा बघायला येतात. तो लांडगा टिकवायचा, तर सुरुवात वाड्यावरच्या कुत्र्यांपासून हवी. पावसाळ्याआधी मेंढरांना आंत्रविषाराची लस टोचायची पद्धत आहेच. त्याच दिवशी, त्याच वाड्यावर कुत्र्यांनाही रेबीज आणि डिस्टेंपरची लस देता येईल, नसबंदीसाठी त्यांची नोंदही तिथंच घेता येईल.