अडीच एकर की दोन एकर पाच गुंठे?

आमच्या काष्टी-श्रीगोंद्याकडं जमिनीचं बोलणं एकर-गुंठ्यात चालतं, सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर. मधेच एखाद्या इसारपावतीवर कुणीतरी '2.5 एकर' लिहितं. आता हे अडीच एकर, की दोन एकर पाच गुंठे? फरक 15 गुंठ्यांचा आहे. भावाभावात कोर्टकज्जा व्हायला एवढं पुरतं.

हा गोंधळ जुना नाही. शिवकाळात काठीनं मोजणी व्हायची. काठी पाच हात पाच मुठींची, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा, 120 बिघ्यांचा चावर. 'औरसचौरस' हा शब्द मला फार आवडतो. दोन्ही बाजू वीस-वीस, शंकेला जागाच नाही.

मग इंग्रज आले. 1830च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी भीमेपलीकडच्या इंदापूर तालुक्यातून नवी मोजणी-आकारणी सुरू केली आणि ती पद्धत मुंबई इलाखाभर पसरली. साखळी 33 फुटांची, तिचे आणे 16. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. म्हणजे गुंठा '33 फूट चौरस', '33 चौरस फूट' नव्हे! गुंठा भरतो 1089 चौरस फूट. 33 चौरस फुटांत दोन बाजासुद्धा शेजारी-शेजारी मावायच्या नाहीत. इंग्रजीत दस्त लिहिताना तर 'स्क्वेअर' हा शब्द 'फीट'च्या आधी पडला की नंतर, यावर सगळा खेळ.

1956च्या कायद्यानं देश मेट्रिककडं वळला, आणि पुढं सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले. आर म्हणजे 100 चौरस मीटर, साधारण 1076 चौरस फूट. गुंठ्याला अगदी खेटून, म्हणून लोक म्हणतात, "आर म्हंजे गुंठाच की!" बांधावर बोलायला ठीक आहे. पण एकरामागं 500 चौरस फूट इकडचे तिकडं होतात, अन् दौंड रोडला तेवढ्यात दुकानाचे दोन गाळे निघतात.

खरी गोम टिंबात आहे. हेक्टरचे आर 100, म्हणून 0.85 हेक्टर म्हणजे सरळ 85 आर. एकराचे गुंठे 40, तिथं हे टिंब चालत नाही. दोन एकर पाच गुंठे दशांशात 2.125 एकर होतात. 2.05 नाही, अन् 2.5 तर नाहीच.

तेव्हा मंडळी, इसाराला बसाल तेव्हा 'दोन एकर पाच गुंठे' असं अक्षरी लिहून घ्या, शेजारी सातबाऱ्यावरचा हेक्टर-आरचा आकडा जसाच्या तसा. लिहिणारा टिंबावरच भागवत असेल, तर सही करायच्या आधी त्याला विचारा, टिंबापुढं गुंठे आहेत की दशांश?