खंजिरी ऐकू आली का?

नानाकाका लिव्हरपूलहून सुटीवर आले की त्यांच्या बॅगेतून आमच्यासाठी चॉकलेटं आणि आजीसाठी गुडघ्यांना चोळायचं मलम निघे. एका वर्षी लाल लेबलची एक छोटी तबकडी निघाली. वॉर्डातल्या कुणा सिस्टरने घर आवरताना ती नानांना देऊन टाकली होती. आमच्या फिएस्टा रेकॉर्डप्लेअरवर तोवर नाट्यगीतं आणि अभंगांचीच वर्दळ. नानांनी वेग ४५ वर आणला, सुई टेकवली आणि माऊथऑर्गनचा एक लांबट, केविलवाणा स्वर माजघरात शिरला. अडीच मिनिटांच्या आत सगळं आटोपलं.

"एवढंच?" आजी म्हणाली. "एकच मागणं किती वेळा मागतो हा पोरगा!"

तिचं चुकत नव्हतं. 'लव्ह मी डू'मध्ये शब्द मोजकेच आहेत. पॉल मॅकार्टनीने ते शाळकरी वयात रचायला घेतलं होतं. ५ ऑक्टोबर १९६२ ला पार्लोफोनने काढलेली बीटल्सची ही पहिली तबकडी ब्रिटनच्या यादीत सतराव्या क्रमांकाच्या वर सरकली नाही. लिव्हरपूलमध्ये मात्र नाना एक कथा ऐकून आले होते: मॅनेजर ब्रायन एपस्टाइनचं रेकॉर्डचं दुकान होतं, त्यानेच दहा हजार प्रती विकत घेऊन गाणं वर चढवलं. एपस्टाइनने हे साफ नाकारलं होतं. "पण तिकडे सांगतात असंच," म्हणून नाना मोकळे.

बाबा भजनी मंडळात तबला वाजवायचे. आजीचं शब्दांवर अडलं, बाबांचं ठेक्यावर. त्यांनी तबकडी पुन्हा लावायला सांगितली आणि विचारलं, "वाजवतोय कोण?" तिथून नानांची खरी गोष्ट सुरू झाली.

तर, वाजवणारे तिघे. ६ जून १९६२ ला ही पोरं लंडनला अ‍ॅबी रोडवरच्या ईएमआयच्या स्टुडिओत पहिल्यांदा गेली तेव्हा ड्रमवर पीट बेस्ट होता. निर्माता जॉर्ज मार्टिन तोवर विनोदी रेकॉर्डींसाठी जास्त प्रसिद्ध. गाताना शेवटच्या ओळीवर बँडमधल्या जॉनचं तोंड माऊथऑर्गनला लागायचं, मग ओळ गाणार कोण? मार्टिनने ती पॉलच्या गळ्यात घातली, आणि घाबरलेल्या पॉलचा आवाज तिथे थरथरला. बेस्टचं वाजवणं काही मार्टिनला रुचलं नाही. रेकॉर्डिंगला आपण बाहेरचा वादक आणू म्हणाला. १६ ऑगस्टला एपस्टाइनने बेस्टला बोलावून काढूनच टाकलं. रिंगो स्टार आला. ४ सप्टेंबरला त्याने वाजवलं, तरी समाधान नाही. ११ तारखेला अँडी व्हाइट नावाचा अनुभवी वादक ठरलेल्या बिदागीवर बसला आणि रिंगोच्या हातात खंजिरी दिली. नव्या सुनेला पंगतीत मीठ वाढायला लावावं, तसं.

बाजारात पहिल्यांदा आली ती रिंगोची ४ सप्टेंबरची आवृत्ती. पुढच्या वर्षी एलपीवर गेली ती व्हाइटची. १९६४ च्या मे महिन्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली तीही व्हाइटचीच. रिंगोच्या आवृत्तीची मूळ फीत ईएमआयने पुसून टाकली. नंतर ती हवी झाली तेव्हा तबकडीवरून उतरवून घ्यावी लागली. ओळखायची खूण एकच: खंजिरी ऐकू आली तर व्हाइट, नाही आली तर रिंगो. आमच्या लाल लेबलवर खंजिरी नव्हती. नाना त्यावर असे खूश, जणू ड्रम त्यांनीच वाजवला होता.

पण नानांचा जीव अडकला होता पहिल्या ड्रमरमध्ये, पीटमध्ये. नानांच्या ओपीडीत वेस्ट डर्बी भागातल्या एक म्हाताऱ्या बाई येत. रक्तदाब मोजून झाला तरी उठत नसत. पीटची आई मोना ही त्यांच्या गप्पांची नायिका. मोना दिल्लीत जन्मलेली, पीट १९४१ चा, मद्रासचा. मोनाचं लग्न १९४४ च्या मार्चमध्ये मुंबईत, फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये लागलं. आणि १९४५ च्या अखेरीस ही मंडळी 'जॉर्जिक' बोटीतून मुंबई सोडून नाताळच्या दिवशी लिव्हरपूलला उतरली.

इथे नाना थांबत आणि म्हणत, "आमचे अण्णा तेव्हा गोदीत. त्यांच्या ट्रंकांवर शिक्का अण्णांनीच मारलेला असणार."

अण्णा, म्हणजे आमचे आजोबा, पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होते हे खरं. शिक्का नानांचा. खुद्द अण्णांना गोदीतली एकच गोष्ट सांगण्यासारखी वाटे: १४ एप्रिल १९४४ चा स्फोट. मोनाच्या लग्नानंतर थोड्याच आठवड्यांत, फोर्टापासून फार लांब नाही अशा धक्क्यावर तो झाला. गोरे साहेब कुठल्या बोटीने गेले, याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं.

लिव्हरपूलमध्ये मोनाला मोठं घर हवं होतं. तिने दागिने गहाण टाकले आणि १९५४ च्या डर्बी शर्यतीत 'नेव्हर से डाय' नावाच्या घोड्यावर सगळे पैसे लावले. भाव तेहतीसास एक. लेस्टर पिगॉट तेव्हा अठरा वर्षांचा. त्याने घोडा जिंकून आणला. (आमच्या आजीला हे ऐकवलं तेव्हा तिने आपल्या पाटल्या चाचपून पाहिल्या.) हेमन्स ग्रीनवर पंधरा खोल्यांचं घर आलं. त्याच्या तळघरात मोनाने १९५९ च्या ऑगस्टमध्ये पोरांसाठी 'कॅस्बा' क्लब उघडला. भिंती रंगवायला बँडमधलेच जॉन, पॉल, जॉर्ज होते आणि पहिल्या रात्री वाजवलंही त्यांनीच. ज्या घरात ती टोळी रुजली, त्या घरातल्या मुलालाच तबकडी निघायच्या सात आठवडे आधी दार दाखवलं. कारणं हवी तितकी सांगतात: वाजवणं, अबोलपणा, देखणेपणाचा हेवा. मला यातलं एकही पुरेसं वाटत नाही. १९६७ मध्ये 'सार्जंट पेपर' या एलपीच्या मुखपृष्ठासाठी जॉनला पदकं हवी होती. तेव्हा मोनाने आपल्या वडिलांची पदकं काढून दिली. ही एक गोष्ट सांगताना नानांचा आवाज खाली येई.

१९९५ मध्ये बीटल्सच्या 'अँथॉलॉजी'चा पहिला संच आला. नष्ट झाल्याचं समजलं जाणारं ६ जूनचं रेकॉर्डिंग त्यात निघालं, आणि त्याच्या मानधनाने पीटच्या हाती बऱ्याच वर्षांनी मोठी रक्कम पडली. नाना निवृत्त होऊन पुण्याला आले होते. मी सीडी घेऊन गेले, बाबांनाही नेलं. मधल्या तुकड्यात ड्रम एकदम वेगळ्याच चालीत शिरतो आणि गाणं अडखळल्यासारखं होतं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं.

"ठेका का सोडलान्?" ते म्हणाले. "हात वाईट नाही. पण गाणारे बिथरलेत."

नाना काही बोलले नाहीत. गाणं पुन्हा लावायला सांगितलं, मग तिसऱ्यांदा. चहा आला तसे खुर्चीत सरसावले, माझ्या मुलीकडे वळले.

"तर त्या पोराच्या आईने काय केलं ठाऊक आहे? एका घोड्यावर सगळे दागिने लावले. भाव होता पन्नासास एक."

"तेहतीस," बाबा म्हणाले.