आणेवारीपासून उपग्रहापर्यंत: दुष्काळ मोजला कसा, कळवला कसा



सप्टेंबर लागला की पारावर एकच विषय: यंदा पैसेवारी पन्नासच्या आत लागणार की बाहेर? हा पन्नासचा आकडा आला कुठून, आणि दुष्काळ पडलाय हे सरकारदरबारी पोचवायची रीत कशी बदलत गेली, हे आज जरा मागं जाऊन बघू. इतिहास जुना आहे, पण कामाचा आहे.

१८७६ साली दख्खनेत पाऊस गेला. पुणे, सोलापूर, नगर, सातारा सगळीकडं पिकं करपली. त्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेनं एक मोठं काम केलं. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं लावून पिकं, धान्याचे भाव, जनावरं, दुष्काळी कामावरच्या मजुरांचे हाल याची माहिती गोळा केली आणि ती मुंबई सरकारला वरचेवर लिहून कळवली. १८७७ च्या सुरुवातीला मजुरी इतकी कमी केली की दिवसभर राबणाऱ्या गड्याला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी, आणि वर थोडे पैसे. मजुरांनी कामं सोडली. सभेनं त्यांची बाजू सरकारपुढं मांडली. दुष्काळाची माहिती शिवारातून वर लिहून पाठवण्याचं आपल्याकडचं हे मोठं उदाहरण आहे.

पुढं १८८० चा दुष्काळ आयोग आला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा झाला. दुष्काळ ओळखायच्या खुणा त्यात लिहून ठेवल्या: धान्याचे भाव चढणं, लोक गाव सोडून जाणं, वगैरे. शंका असेल तिथं सरकारनं चाचणीची कामं काढायची. तुटपुंज्या मजुरीवरसुद्धा माणसं गर्दी करून आली, तर दुष्काळ आहे असं धरायचं. म्हणजे माणूस पार टेकीला आल्यावर मोजमाप पुरं व्हायचं!

आभाळाकडं बघायचं काम वेगळ्या खात्याकडं होतं. हवामान खातं १८७५ मध्ये सुरू झालं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज बांधायला सुरुवात केली आणि १८८६ पासून मोसमी पावसाचा अंदाज नियमित निघू लागला. पुण्यात शेतीसाठी हवामानाचा वेगळा विभाग १९३२ साली झाला.

गावात मात्र माप एकच, आणेवारी. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक, त्याच्या तुलनेत यंदाचं किती. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळसदृश परिस्थिती. या पद्धतीचा गुण असा की ती गावाची होती. समिती शिवारात यायची, पीक कापून वजन व्हायचं. दोष असा की ती उशिरा बोलायची. नजर अंदाज सप्टेंबरात, सुधारित ऑक्टोबरात आणि अंतिम डिसेंबरात. तोवर कडबा संपलेला, जनावरं बाजारात आणि माणसं ऊसतोडीला गेलेली.

हा उशीर टाळायला केंद्र सरकारनं २०१६ मध्ये नवी दुष्काळ संहिता आणली. आता आधी पावसाची तूट आणि खंड बघतात. मग पेरणीचं क्षेत्र, जमिनीतली ओल, भूजल आणि उपग्रहावरून दिसणारा पिकांचा हिरवेपणा. शेवटी तालुक्यातल्या १० टक्के गावांत प्रत्यक्ष जाऊन खात्री करतात. त्यामुळं निर्णय लवकर होतो. २०१८ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला.

पण लवकर झालेला निर्णय गावापर्यंत पोचतोच असं नाही. २०२३ मध्ये आधी ४० तालुके जाहीर झाले, आणि दहा दिवसांतच आणखी १०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करावी लागली. तालुक्याच्या सरासरीत जे दिसलं नाही, ते मंडळात होतं. आणि मंडळात तरी सगळं कुठं दिसतं? एका मंडळात वीसेक गावं, हवामान केंद्र एक. माझ्या शिवारातलाच अनुभव सांगतो. केंद्राच्या गावात झड लागायची आणि ओढ्याच्या अलीकडं आमची सोयाबीन फुलोऱ्यात माना टाकायची. कागदावर मात्र पाऊस दोघांचा सारखाच. उपग्रहाचंही तसंच. बांधावरचं तण हिरवं आणि शेंगा पोचट असल्या, तरी वरून हिरवंच दिसतं.

या दीडशे वर्षांतून मी एवढंच शिकलो, मापं बदलली तरी वरच्याला गावचं दुखणं आपोआप कळत नाही. ते तारीख आणि आकडा घालून, वेळेत कळवावं लागतं. "पाऊसच नाही हो साहेब" याची नोंद कुठं होत नाही. "२ ऑगस्टपासून २४ दिवस खंड, पीक फुलोऱ्यात, विहिरीला चार फूट पाणी" याची होते.

म्हणून गावात निदान चार जणांनी साधं पर्जन्यमापक लावावं. रोज सकाळी ठरल्या वेळी मिलिमीटर वहीत उतरवावेत. पेरणीची तारीख, खंडाचे दिवस, विहिरीची पातळी आणि तारखेसह पिकाचे फोटो ठेवावेत. ग्रामसभेत ते वाचून ठराव करावा आणि तलाठी, कृषी सहायक, तहसीलदार यांना देऊन पोच घ्यावी. हे सप्टेंबर संपायच्या आत व्हावं, डिसेंबरात नव्हे. खात्री करायला पथक आलं तर वही पुढं ठेवता येते. अधिकारी आणि कृषी शास्त्रज्ञ मित्रांनाही विनंती, वही समोर आली तर ती केंद्राच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. फरक निघाला तर तो फरकच खरी माहिती आहे.

सार्वजनिक सभेकडं ना उपग्रह होता ना मोबाईल. माणसं शिवारात गेली, बघितलं ते लिहिलं आणि वेळेत पाठवलं. आपल्याला एवढं तर जमेलच. तुमच्या गावात कोण पाऊस मोजतं, ते जरूर कळवा.