दिसणारा शब्द आणि सापडणारा शब्द

आजचा विषय वरवर तांत्रिक वाटेल, पण त्यातला प्रश्न जुनाच आहे. लिहिलेला शब्द म्हणजे त्याचा आकार, की त्याची ओळख?

आपण गोंदिया जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणू. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला, आठ तालुक्यांचा हा जिल्हा. संगणकावर असा नकाशा व्हेक्टर पद्धतीने काढला, की वैनगंगा, रस्ते, नवेगावबांधचा तलाव हे सगळं रेषा आणि वक्रांच्या गणितात साठतं. कितीही मोठं करा, कडा फाटत नाहीत. पण त्या फाइलमध्ये 'गोंदिया' शोधायला जा, पुष्कळदा सापडत नाही. नाव समोर दिसतंय, तरी नाही. फाइल बाहेर काढताना सॉफ्टवेअरने अक्षरांच्याही नुसत्या रेषा करून टाकलेल्या असतात. दृष्टिहीन विद्यार्थ्याला वाचून दाखवणारं यंत्र तिथे गप्प बसतं. त्याच्यापुरता तो जिल्हा नकाशावर नाहीच.

हा पेच आपल्या छपाईच्या इतिहासात आधीच येऊन गेला आहे. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर पंचांग काढलं. शिळाछापात हातानं लिहिलेलं पान जसंच्या तसं उतरतं, म्हणजे अक्षर हे चित्रच. पुढे शिशाचे खिळे रुळले आणि अक्षर सुटं झालं. 'दि' जुळवताना जुळारी आधी वेलांटीचा खिळा लावायचा, मग 'द'चा. दिसण्याचा क्रम तोच जुळवण्याचा क्रम. वाचणारा माणूस होता, म्हणून काही बिघडलं नाही.

संगणकाने हा क्रम उलटवला. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठतात, आणि युनिकोडनेही तीच वाट धरली. 'गोंदिया'त 'द' आधी साठतो, वेलांटी नंतर, पण पडद्यावर वेलांटी आधी दिसते. 'अर्जुनी'त 'र' आधी साठतो आणि दिसताना रफार होऊन 'जु'च्या डोक्यावर बसतो. म्हणजे साठवण एक आणि दर्शन दुसरं. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलला, की वेलांट्या भलतीकडे जातात, त्याचं मूळ बहुधा इथेच असतं.

यावर उपाय झालेच नाहीत असं नाही. २००१ मध्ये पीडीएफच्या १.४ आवृत्तीत, आकृतीसोबत तिचा खरा मजकूर जोडून ठेवायची सोय आली. एसव्हीजी हे वेबवरच्या व्हेक्टर चित्रांचं मानकही त्याच वर्षीचं. 'कैरो' ही अशी चित्रं काढणारी, सर्वांना खुली असलेली सॉफ्टवेअर लायब्ररी. तिच्या २००८ च्या १.८ आवृत्तीत, कोणत्या आकृत्या मिळून कोणता मजकूर होतो हे सांगायची वाट निघाली. पीडीएफचं त्याने बरंच भलं झालं. तिच्या एसव्हीजीत मात्र अक्षरं साधारणतः आकृत्या होऊनच उतरतात.

यामागे नुसता आळस नाही, हे लक्षात घेऊ. मजकूर मजकूर म्हणून ठेवला आणि वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला, तर जोडाक्षरं मोडतात. छापखान्याला ते परवडत नाही. रेषा करून टाकल्या की आकाराची खात्री, पण ओळख गेली.

मग अशा लायब्ररीत सुधारणा आखताना काय धरावं? आमच्या मते तीन गोष्टी. एक, शक्य तिथे फॉन्ट फाइलमध्येच बसवावा आणि मजकूर जिवंत ठेवावा. दोन, रेषा करणं भागच असेल तर त्या रेषांच्या गटाला मूळ शब्द जोडून द्यावा. एसव्हीजीत त्याची सोय आहे. तीन, चाचणी केवळ रोमन अक्षरांवर करू नये. गोंदिया, तिरोडा, अर्जुनी ही नावं घाला, फाइल बनवा, आणि तीच नावं शोधून पाहा. दिसतात का हे पाहणं पुरेसं नाही, सापडली पाहिजेत.

तत्त्वज्ञानात आपण विचारतो, रूप बदललं तरी वस्तू तीच राहते का? इथे उलटं घडतं. रूप तेच राहतं आणि वस्तू हरवते. म्हणून आराखड्याच्या पहिल्या ओळीतच ठरवायला हवं, की आपण काय राखणार आहोत. ते नंतर ठरवू म्हटलं, तर तोवर हजारो नकाशे मुके होऊन बाहेर पडलेले असतात.

आता तुमचे प्रश्न घेऊ.